केशरबाईंच्या हातचं मीठ

एकशे तीस पोरांच्या खिचडीला मीठ किती, हे केशरबाईंना कधी सांगता आलं नाही. विचारलं की त्या मूठ पुढे करायच्या. शाळेत नव्यानं आलेल्या एका बाईंना हे पटेना. त्यांनी वजनकाटा मागवला. केशरबाईंनी मीठ मुठीत घेतलं, करंगळी सैल सोडून थोडं डब्यात परत सांडू दिलं आणि उरलेलं काट्यावर टाकलं. अशा तीन मुठी आणि वर एक चिमूट. आठवडाभर रोज मोजलं. आकडा दोन-चार ग्रॅमपलीकडे हलला नाही. मग बाईंनी काटा ठेवून दिला आणि त्यासुद्धा रोज वाटीभर खिचडी मागून घ्यायला लागल्या.

सतरा वर्षं केशरबाईंनी आमच्या गावच्या शाळेत पोषण आहार शिजवला. गाव नेकनूरहून काळी-पिवळी जीपनं अर्ध्या तासावर. त्या कामाला लागल्या तेव्हा चार घरांनी आपली पोरं डबा देऊन पाठवली, बौद्धवाड्यातल्या बाईच्या हातचं त्यांना चालत नव्हतं. केशरबाई कुणाला काही बोलल्या नाहीत. पंधरा दिवसांत ती पोरं आपापले डबे दप्तरात दडवून पंगतीत येऊन बसली. पुढे कधी विषय निघाला तर त्या एवढंच म्हणायच्या, "लेकरांच्या नाकाला जात नसती, माय. फोडणीचा वास सुटला की ते मागं मागं येतंय."

त्यांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून. माझ्या दोन्ही लेकी त्यांच्याच हातचं खाऊन चौथी पास झाल्या, त्यामुळे लेकींबरोबर मीही त्यांना मावशीच म्हणायला लागले. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा सतीश आणि सून सुनिता दसऱ्यानंतर ऊस तोडायला सांगलीकडे जात, ते कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की मार्च-एप्रिलात परत येत. मधले पाच-सहा महिने केशरबाई एकट्या. पण एकटीचं त्यांना कधी जड गेलं नाही, दिवसा एकशे तीस पोरं असायची.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी काम सोडलं. शाळेच्या चढावर दम लागतो म्हणाल्या. वय झालं असं आम्ही सगळ्यांनीच धरलं. मागच्या भादव्यात मात्र त्या भिंतीला टेकून बसल्याबसल्या झोपायला लागल्या. उताणं पडलं की पाण्यात बुडाल्यासारखं होतंय, असं सांगायच्या. सतीशनं बीडला नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, पाहिजे तेवढं रक्त ढकलत नाही, म्हणून अंगात पाणी साठतं. आठ दिवस ठेवून घेतलं. सोडताना गोळ्या लिहून दिल्या, त्यातली एक लघवीची. मीठ एकदम कमी, पाणी दिवसाला दीड लिटर, रोज सकाळी वजन. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच या.

तो कागद इंग्रजीत होता. गल्लीत बी.ए. झालेली मी एकटी, म्हणून कागद माझ्याकडे आला आणि कागदामागोमाग केशरबाईही आल्या. दसरा झाल्यावर सतीश-सुनिता निघाले. ट्रॅक्टर वेशीत उभा होता. सतीश परत फिरून माझ्या दारात आला.

"वहिनी, पट्टा पडंपर्यंत आईला पुन्यांदा दवाखान्याचं तोंड बघू देऊ नका. बाकी काय म्हनत न्हाई मी."

मी हो म्हणाले. अवघड काय होतं त्यात? कागदावर सगळं लिहिलेलं होतं.

दिवाळी झाली आणि बाराव्या दिवशी केशरबाई पुन्हा बीडच्या खाटेवर. पाय टम्म सुजलेले, बोलताना धाप. डॉक्टरांनी विचारलं, मीठ खाता का? त्या ठामपणे म्हणाल्या, न्हाई. खोटं नव्हतं ते. भाजीत, वरणात, भाकरीच्या पिठात त्यांनी खरंच चिमूटभरसुद्धा घातलं नव्हतं. पण तसली भाजी घशाखाली उतरेना म्हणून सोबत ठेचा, लोणच्याची फोड, खारवलेली मिरची, भाजलेला पापड. त्यांच्या हिशेबी ते मीठ नव्हतंच, तोंडी लावणं होतं. मीठ म्हणजे जे मुठीनं पातेल्यात पडतं ते. आणि कागद वाचून दाखवताना मलाही त्या बरणीची आठवण आली नव्हती. आमच्याकडे 'मीठ घातलंय का' हे भाजीबद्दल विचारतात, लोणच्याबद्दल कोण विचारतं?

या वेळी सहा दिवसांनी सोडलं. घरी आल्याबरोबर मी त्यांच्या फळीवरचा सगळा खार उचलला. लोणच्याची बरणी, मिरच्या, पापडाचा डबा, आणि शेवटी मिठाचा डबाही. त्या खाटेवर बसून बघत होत्या.

"मिठाचा डबा बी नेतीस, वनिता?"

"तुमच्यासाठीच नेते, मावशी."

"ने बाई. घरात मीठ न्हाई म्हंजे मानूस मेल्यासारखं वाटतंय, पर ने."

त्या दिवसापासून त्यांचं जेवण माझ्याकडून जायला लागलं. लिंबू पिळून बघितलं, चिंचेचा कोळ घालून बघितला, जवसाची चटणी लसूण वाढवून केली. त्या ताट घ्यायच्या, वास घ्यायच्या आणि "ठेव, खाते सावकाश" म्हणायच्या. परत येणारं ताट लख्ख. मला बरं वाटायचं.

कागदाप्रमाणे रोज सकाळी वजनही सुरू झालं. गावात माणसाचं वजन करायचा काटा नाही. तानाजीच्या पिठाच्या गिरणीत पोती मोजायचा मोठा काटा आहे, त्याच्यावर केशरबाईंना उभं करायचं. तानाजीनं त्यांच्याच हातची खिचडी खाल्लेली, त्यामुळे त्याची जीभ सैल. "मावशी, भरडायचं का बारीक दळायचं?" असं रोज विचारायचा. त्या म्हणायच्या, "बारीकच दळ, आता चाळणी लावायचं बी बळ न्हाई." मग तो आकडा मोठ्यानं सांगायचा. दवाखान्यातून आल्या तेव्हा सत्तेचाळीस. आठ दिवसांनी साडेसेहेचाळीस. मग पंचेचाळीस. डिसेंबर संपता संपता त्रेचाळीस.

दर वेळी काटा खाली आला की मी खूश. वाढलं तर या, असं कागदावर होतं. कमी झालं तर काय करायचं, ते कुठंच नव्हतं. मी सतीशला फोन करून सांगायची, आईचं पाणी उतरतंय, चार किलो उतरलं. तो तिकडून म्हणायचा, वहिनी, तुमचे उपकार.

याच दिवसांत मी त्यांच्या ब्लाउजच्या बाह्या दोनदा आत घेतल्या. दंड सैल व्हायला लागले म्हणून त्यांनीच आणून दिले होते. पहिल्यांदा बोटभर, दुसऱ्यांदा पुन्हा बोटभर. सुई माझ्या हातात होती, बाही माझ्या मांडीवर होती, तरी माझ्या ध्यानात आलं नाही की पाणी दंडातून उतरत नसतं.

एक दिवस पलीकडच्या बायडाबाई माझ्याकडे हसत आल्या. म्हणाल्या, तुझ्या हातचं खाऊन माझी शेळी बाळसं धरायली. मला कळेना. मग त्यांनी सांगितलं की केशरबाई रोज भाकरीचे तुकडे आणि वरण परसातून शेळीला घालतात. मी गेले तर खरंच, खुंट्यापाशी जवसाच्या चटणीचा डाग. केशरबाई अपराध्यासारख्या बघत राहिल्या.

"काऊन असं करता, मावशी?"

"तू एवढं करून आणतीस. परत कसं धाडू?" मग म्हणाल्या, "जन्मभर लेकरांच्या तोंडाची चव बघितली गं. आता माझ्याच तोंडात माती पडल्यागत लागतंय. भूकच न्हाई होत."

मी समोर बसून भरवायला लागले. चार घासांच्या पुढे त्या जात नव्हत्या. पाचव्या घासाला हात धरायच्या, आणि त्या हातात जोर नसायचा.

संक्रांतीच्या आधी एका सकाळी नळापाशी त्यांना चक्कर आली. मी आणि बायडाबाईंनी उचलून आणलं. उचलताना ध्यानात आलं, पाण्याचा हंडा जड लागावा इतकंही ते अंग जड नव्हतं. बघता बघता गल्ली जमली. प्रत्येकीचं म्हणणं एकच, अशक्तपणा आहे, एक बाटली लावा.

हे बाहेरच्याला कळायचं नाही. आमच्या भागात लग्नाची धावपळ झाली की बाटली, खळं झालं की बाटली, ऊसतोडीहून आलेली माणसं पहिल्या आठवड्यात जाऊन सलाईनची एकेक बाटली लावून येतात. त्यानं बळ येतं असा सगळ्यांचा अनुभव. केशरबाईसुद्धा दर वर्षी शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली की एक लावून घ्यायच्या. त्या स्वतःच म्हणाल्या, "लाव माय एक बाटली. खाल्लं तर जात न्हाई, असं तरी जाईल अंगात."

मला पाण्याचं माप आठवत होतं. कागदावरच्या नंबरवर तीनदा फोन लावला, कुणी उचलला नाही. सतीशला लावला. तो उसाच्या फडात होता, मागे कोयत्यांचा आवाज. म्हणाला, "वहिनी, उपाशी हाय ती. लावा की. वरून पानी कमी पाजा मंग." नवऱ्याला विचारलं, तर हे म्हणाले, डॉक्टरला सांग हृदयाचं, मग तो ठरवेल.

गावात आठवड्यातून तीन दिवस येणारा डॉक्टर त्या दिवशी होता. मी त्याला सांगितलं, हृदयाचं आहे, मिठाचं पथ्य आहे. त्यानं नाडी बघितली, रक्तदाब बघितला, खूप कमी आहे म्हणाला. हळू लावतो, काळजी करू नका. माणूस वाईट नव्हता. त्यालाही दारात उभी असलेली गल्ली दिसत होती.

पहिली बाटली संपली तेव्हा केशरबाईंच्या तोंडावर खरंच तरतरी आली. दुसरी लावली. मी स्टुलावर बसले होते, करायला काही नव्हतं म्हणून बाटलीवरची अक्षरं वाचत होते. सोडियम क्लोराइड. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला शब्द. दोनदा वाचला. ज्या बाईच्या घरातून मी मिठाचा डबा उचलून आणला होता, तिच्या शिरेत ते थेंबाथेंबानं चाललं होतं. मी डॉक्टरला हाक मारली. त्यानं लगेच बंद केली, पण तोवर दुसरीही अर्धी संपली होती.

दुपारी त्या बऱ्या होत्या. दिवस कलला तशा खोकायला लागल्या. तानाजीनं गिरणी बंद करून जीप काढली. नेकनूरला ऑक्सिजन लावला आणि तिथून बीड. सगळ्या वाटेत त्या माझा हात धरून होत्या आणि मी त्यांना एवढंच सांगत होते की आलंच, आलंच. तिसऱ्यांदा तोच वॉर्ड. तिथली नर्स ओळखीनं म्हणाली, आजी, परत आलात?

सतीश दुसऱ्या दिवशी पोचला. मी त्याला जसं घडलं तसं सगळं सांगितलं. तो म्हणाला, लावा मीच म्हनलो की.

चार दिवसांनी जीव थाऱ्यावर आला. मग आहार सांगणारी एक तरुण मुलगी आली. तिनं टेप काढली आणि केशरबाईंच्या दंडाचं माप घेतलं, शिंपी घेतो तसं. माप बघून तिनं मला विचारलं, या किती महिने नीट जेवल्या नाहीत? मी गिरणीचे आकडे सांगितले, अभिमानानं सांगायचे ते आकडे. तिनं मान हलवली.

"मीठ कमी करायला सांगितलं होतं, काकू. जेवण नाही. त्या आतून वाळल्या आहेत. आता पाणी साठलं तरी पेलायला अंगात काही उरलं नाही, म्हणून तर सारखं यावं लागतंय."

तिनं छापील कागद दिला. त्यावर ओट्स होते, पनीर होतं. मी तिच्याकडे बघितलं, तशी तिनं पेन काढून खाली लिहिलं. अंडं, घट्ट वरण, मुगाचं धिरडं, दर दोन तासांनी थोडं थोडं. मीठ अगदीच सोडवत नसेल तर एका घासावर वरून चिमूटभर, म्हणजे जिभेला कळतं. एवढं साधं होतं ते. ऑक्टोबरात कुणी सांगितलं असतं तर. आता निदान कळलं होतं. मी मनातल्या मनात तिथंच दिवसाची आखणी करून टाकली, कधी अंडं, कधी धिरडं.

पण नवव्या दिवशी सोडलं तेव्हा सतीशनं सांगितलं की आईला तो बरोबर नेणार. टोळीच्या मुकादमाचे रोज फोन येत होते, सुनिता कोपीवर, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपडीत, एकटी होती.

मी म्हणाले, इथं ठेव, मला आता समजलंय कसं करायचं.

तो चप्पल घालत होता, वर न बघता म्हणाला, "वहिनी, तुमी कमी न्हाई केलं. पर हिला ठिवून गेलो की तिकडं हात चालत न्हाई. फोन वाजला की कोयता चुकतोय."

मी सांभाळते म्हणण्याचा हक्क माझ्या हातून त्या स्टुलावरच गेला होता.

खरं सांगायचं तर केशरबाई खुशीत होत्या. लेकासुनेजवळ राहायला मिळणार. मी गोळ्यांची पिशवी करून दिली, वेळेप्रमाणे रंगीत दोरे बांधले. सुनितासाठी सगळं मराठीत लिहून दिलं. वजन कुठं करणार, असं म्हणाले, तर त्या टेम्पोत बसता बसता म्हणाल्या, "कारखान्याच्या काट्यावर. उसाच्या गाडीवर बसते, मंग ऊस वजा करा."

सगळे हसले. मीही हसले. टेम्पो वळणाआड गेला आणि दुसऱ्या दिवशी मी दळण घेऊन गेले तेव्हा तानाजी सवयीनं माझ्या मागे बघत राहिला.

सुरुवातीला रोज फोन व्हायचा. मग दोन दिवसांनी. अंडं आणलं का, हो आणलं. धिरडं, एकदा केलं. सुनिता पहाटे फडात जाते, दुपारी येते, तिला तरी किती विचारायचं.

पंधरा-सोळा दिवसांनी, दुपारच्या वेळी, तिचाच फोन आला. आवाजात आनंद होता.

"वहिनी, आत्या लई बऱ्या हायत बघा. सैपाक त्याच करायल्यात. दीड-दोन भाकरी खायल्यात. अंगानं बी भरल्या."

"कुठं भरल्या?"

"तोंडावर तेज आलंय. पाय बी भरलेत, आधी काड्या झालते."

माझ्या हातातलं भांडं मी खाली ठेवलं. तिला म्हणाले, जवळ जा आणि बीडचे डॉक्टर करायचे तसं नडगीवर बोट दाबून धर, मग काढ आणि बघ. ती गेली. मागे स्टोव्हचा आवाज येत होता.

"खड्डा पडलाय."

"भरला का?"

"न्हाई. तसाच हाय."

म्हणजे पाणीच ते. लघवीची गोळी देतेस ना, विचारलं. सुनितानं आवाज खाली घेतला. मग म्हणाली, "त्या घेतच न्हाईत. हितं आडोसा न्हाई वहिनी, सारखं उठून लांब जावं लागतंय. मानसं आसत्यात."

मी दोरे बांधून दिले होते. आडोशाचा विचार माझ्या कागदात नव्हता.

आजच्या आज दवाखान्यात ने म्हणाले. ती म्हणाली, हे गाडीसंगं कारखान्यावर गेलेत, नंबर लागून खाली व्हायला उद्या होतंय. दुसरं वाहन न्हाई. मुकादमाचा फोन लागत न्हाई. तालुक्याचा दवाखाना किती लांब, तिला ठाऊक नव्हतं. गावाचं नाव विचारलं तर म्हणाली, गाव न्हाई, वस्ती हाय. एकशे आठची गाडी बोलाव म्हणाले, तर कुठं बोलवायची ते सांगता यायला हवं ना. गोळी आत्ता दे, उशाला गाठोडं लावून बसव, शेजारच्या कोपीतल्या कुणाला रस्त्यावर धाड आणि गावाचं नाव विचारून ये, एवढं मी सांगत होते. ती हो हो म्हणत होती आणि तिचा आवाज आता रडवेला झाला होता.

तेवढ्यात मागून केशरबाईंचा आवाज आला, दोन ठिकाणी थांबत, दम घेत.

"कोन हाय गं? वनिता का? तिला सांग... आज मीठ बरुबर पडलंय."